दळण आणि दौरा

मी गहू दळायला निघालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण काल रात्रीपासून गावात माझ्याविषयी जे फिरतंय त्यात गव्हाचा उल्लेख असलाच तर भलत्याच अर्थानं आहे. पत्र्याचा डबा, त्यात आठ किलो गहू, वर मूठभर सोयाबीन, खिशात पन्नासची नोट आणि अंगात काळा शर्ट. काळा का, तर बाकीचे दोरीवर वाळत होते. चक्की घरापासून चारशे पावलांवर. अकरा वाजता 'आलोच' म्हणून निघालो आणि पावणेसहाला परतलो. डब्यात गहूच होते. थोडे कमी.

साहेबांचा दौरा आहे हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. आमच्या तालुक्याच्या गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. नदीवरच्या पुलाचं भूमिपूजन होतं. तिसरं. पहिल्या दोन भूमिपूजनांच्या कोनशिला काठावर शेजारीशेजारी उभ्या आहेत. हे असंच चालू राहिलं तर पूल नाही झाला तरी कोनशिलांवर पाय देत पलीकडं जाता येईल. हेलिपॅड ते नदी या रस्त्यावर एका रात्रीत डांबर पडलं होतं. रस्त्यावर म्हणजे रस्त्याच्या डाव्या अंगाला. ताफा डावीकडून जाणार, म्हणून डांबर डावीकडं. उजवीकडचे खड्डे जसेच्या तसे, गावासाठी राखून ठेवलेले.

चौकात बांबू आडवे बांधले होते आणि बांबूपाशी एक पोरगेलासा हवालदार उभा होता. बाहेरच्या तालुक्यातून बंदोबस्ताला आणलेला, पहाटेपासून उभा असावा. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या शर्टाकडं पाहिलं.

"काका, काळा शर्ट चालत नाही."

"मला कुठं सभेला यायचंय? मी चक्कीवर चाललोय."

"चक्की मंडपाच्या अंगाला येतीय. काळं आत सोडायचं नाही, वरनं आदेश आहे."

काळ्या झेंड्यांची भीती असते, हे मी पेपरात वाचलेलं. कुणी काळा रुमाल काढतो, कुणी मोजे काढतो, फडकवतो आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. पण मी शर्ट काढून फडकवला असता तर लोकांनी शर्टाकडं पाहिलंच नसतं. बावन्नाव्या वर्षी पोट असं काही झालंय की त्याचा वेगळा निषेध झाला असता. हे मी त्याला समजावायला लागलो तर त्यानं वॉकीटॉकी काढली.

"सर, एक काळा अडवलाय." पलीकडून काहीतरी खरखरलं. "नाही सर, शर्ट काळा. माणूस गव्हाळ आहे." पुन्हा खरखर. "होय, गहूसुद्धा आहेत त्याच्याजवळ."

एवढ्यात आमच्या आळीतली एक म्हैस आली. नेहमीची. ती रोज याच वेळेला नदीकडं जाते. काळीकुळकुळीत, शिंगांना सुद्धा काळा रंग दिलेला. बांबूखालून मान घातली, पाठ थोडी घासली आणि बंदोबस्ताच्या मधून डुलत पलीकडं गेली. हवालदारानं तिला वाट देण्यासाठी एक पाऊल मागं घेतलं.

"आणि तिला कसं सोडलं?" मी विचारलं.

"ती काय अंगातनं काढून फडकवणार आहे काय?"

याला उत्तर नाही. मी अजून शोधतोय.

मग त्यानं शर्ट उलटा घालायला सुचवलं. कॉलर उलगडून दाखवली, आतूनही काळाच. मग त्यानं पायाकडं पाहिलं, चपला होत्या. मग डोक्याकडं पाहिलं. केसांबद्दल मात्र तो काही बोलला नाही. ते मूळचे काळे नाहीत हे त्याच्या लक्षात आलं असावं. एकूण माझी अवस्था वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी झाली होती, डबा हातात, ओळखीची माणसं शेजारून जातायत, आणि प्रत्येकजण 'काय सर, इथं कसे उभे?' असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढं. घरी परत जाऊन दोरीवरचा ओला शर्ट घालून येणं हा शहाणा मार्ग होता. पण एकदा माणूस अडवला गेला की त्याला त्याच वाटेनं जायचं असतं.

"ओ पाव्हणं, हे घ्या." मागून एक हात आला, त्यात पक्षाचं उपरणं. नवंकोरं, घडीची इस्त्री न मोडलेलं. "गळ्यात घाला आणि चला माझ्यामागं."

मी घातलं. वीतभर रुंदीचं ते फडकं. त्याच्या दोन्ही बाजूंनी शर्ट पहिल्याइतकाच काळा दिसत होता, बाह्या तर पूर्णच. पण हवालदारानं बांबू वर उचलला आणि म्हणाला, "जावा साहेब." दोन मिनिटांपूर्वी मी काका होतो.

आत यंत्राची चौकट होती. मी त्यातून गेलो, डब्यानं शीळ घातली. दुसऱ्या एका पोलिसानं झाकण उघडलं, बाही वर सारली आणि गव्हात कोपरापर्यंत हात घातला. घालून ढवळला. तळाशी काय सापडेल अशी त्याची अपेक्षा होती देव जाणे, पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं. गव्हात हात घातल्यावर बरं वाटतं, ते खरंच आहे. त्यानं जरा जास्तच वेळ ठेवला. बाहेर काढला तेव्हा मनगटावरच्या केसांत पाचसहा दाणे आणि एक सोयाबीन. ते त्यानं झटकले, जमिनीवर. "चक्कीकडचं गेट?" मी विचारलं. "कार्यक्रम संपल्यावर उघडतंय," तो म्हणाला, आणि मागचं गेटही माझ्या देखत लागलं.

अशा रीतीनं मी सभेला गेलो.

मंडपात शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती बसण्याची उतरंड. पुढं सोफे, पांढऱ्या खोळी घातलेले. त्यामागं कापडी खोळीच्या आणि पाठीला फीत बांधलेल्या खुर्च्या. त्यामागं उघड्याबोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि सगळ्यात मागं सतरंजी. सोफ्यांवर कुणीच नव्हतं. फीतवाल्या खुर्च्यांवर पांढरे कपडे आणि जाकिटं घातलेले तीसचाळीस जण एकमेकांच्या कानात बोलत होते, आणि ज्याच्या कानात बोललं जात होतं तो बोलणाऱ्याकडं न बघता व्यासपीठाकडं बघत होता. व्यासपीठावर एक माणूस खुर्च्यांना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होता, आणि त्याच्यामागून दुसरा येऊन त्यांची अदलाबदल करत होता. बाहेर जेसीबीच्या बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरल्या होत्या. क्रेनला लावलेला एक हार होता, त्याच्यात दोनचार कार्यकर्ते सहज राहिले असते.

माझ्या शेजारच्या रांगेत अंगणवाडीच्या ताई बसल्या होत्या. अख्खी रांग. त्यांतल्या एकीच्या मांडीवर रजिस्टर होतं आणि ती ते भरत होती. अंगणवाडी आज बंद का, म्हणून मी विचारलं. "हजेरी इथं आहे ना," ती म्हणाली. मग पेन थांबवून म्हणाली, "खाऊ काल रात्रीच शिजवून वाटला." तिच्या आवाजात तक्रार सुद्धा नव्हती. कार्यक्रम सरकारी आहे की पक्षाचा, हा प्रश्न अशा ठिकाणी विचारायचा नसतो. उपरण्यांवर चिन्ह होतं आणि पाण्याच्या टँकरवर शासनाची मुद्रा.

सूत्रसंचालक मात्र मानला पाहिजे. कार्यक्रमाची वेळ बाराची. बारा वाजता तो म्हणाला, "अवघ्या काही क्षणांत साहेबांचं आगमन होत आहे." साहेब उतरले पावणेचारला. मधल्या वेळात हे वाक्य तो एक्केचाळीस वेळा म्हणाला. मी मोजलं, कारण दुसरं काम नव्हतं. दर वेळी नव्या उत्साहानं. मधूनमधून चारोळ्या, मधूनमधून 'मागं आवाज येतोय का', आणि एकदा, स्वतःलाच कंटाळा आल्यासारखा, हरवलेल्या मोटारसायकलच्या किल्लीची घोषणा.

पण मला सांगायचंय ते आबांविषयी. उपरणं देणारे ते आबा. सगळे त्यांना आबाच म्हणत होते, पोलीससुद्धा. वय पंचाहत्तरच्या पुढं, धोतर, खांद्याला कापडी पिशवी. आत आल्याबरोबर त्यांनी दोन खुर्च्या एकीत एक घातल्या, दाबून पाहिल्या आणि मग बसले.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एका खुर्चीचा भरवसा धरायचा नसतो. पाय फाकतात तिचे."

आबा जुने मंडपवाले. आता धंदा मुलानं बंद केला. वरच्या छताकडं बघून त्यांनी नाक मुरडलं. "झालर कमी, शिलाई कच्ची. आणि वॉटरप्रूफ! १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात पवारसाहेब भर पावसात बोलले, ती सभा गाजली. तेव्हापासून वॉटरप्रूफ मंडप घातला तर निम्मे नेते मनातनं नाराज असतात. भिजायला मिळत नाही."

तेवढ्यात सूत्रसंचालक ओरडला, "दहा हजारांचा हा जनसागर!" आबांनी मान वर करून खांब मोजले. "पंधरा बाय पंधराचा खण. दाटीवाटीनं तीस माणूस. बारा खण लांबीला, आठ रुंदीला. किती झाले?"

"शहाण्णव खण. दोन हजार आठशे ऐंशी माणसं."

"गच्च भरला तर. आता त्यातनं पोलीस वजा करा. अंगणवाडी, आशा, ग्रामपंचायतीचे शिपाई वजा करा. एसटी सगळ्या सभेला लागल्यात म्हणून स्टँडवरनं सावलीला आलेली कॉलेजची पोरं वजा करा. जाकिटवाले वजा करा, ते भाषण ऐकत नसतात. राहिलं कोण?"

"तुम्ही आणि मी."

"तुम्ही भाषण ऐकायला आलाय?"

"मी दळायला आलोय."

"मग तुम्हीपण वजा. आणि मी वसुलीला आलोय." त्यांनी हात झटकले. "शून्य."

वसुली? मी विचारायचीच वाट होती. आबांनी पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही काढली, आणि वहीतून एक कागद. कागद प्लास्टिकमध्ये घालून पक्का केलेला, शाळेच्या दाखल्यासारखा. साल १९९५. मंडप ४० खण, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या ६००, कर्णे ४, जनरेटर १. एकूण १८,४०० रुपये. जमा ५,०००. येणे १३,४००. खाली सही, आणि ती सही आज ज्यांच्यासाठी क्रेनला हार टांगला होता त्यांची.

"पंच्याण्णवला विधानसभेत ४५ अपक्ष निवडून गेले," आबा म्हणाले. "आपले साहेब सेहेचाळिसावे. थोडक्यात पडले. मी चार दिवसांनी बिल घेऊन गेलो तर रडत बसलेले. म्हणाले, आबा, निवडून आलो असतो तर पहिलं तुमचं बिल दिलं असतं. मला बी वाईट वाटलं. मी चहा घेऊन परत आलो."

"आणि निवडून आल्यावर?"

"निवडून आल्यावर गेलो. म्हणाले, आबा, आता निवडून आलोय, आता तुमच्या पैशाला काय भ्या आहे? पुन्हा चहा." आबांनी कागदावरची धूळ पुसली. "बरं, पक्षाकडं मागावं तर तेव्हा अपक्ष. पक्षच नाही. मग ते एका पक्षात गेले. त्या पक्षाच्या ऑफिसात गेलो, तर म्हणाले, हे आमच्यात यायच्या आधीचं बिल आहे. मग ते दुसऱ्या पक्षात गेले. तिथले म्हणाले, जुन्या पक्षाचं येणं आमच्याकडं आणू नका. मी म्हटलं, अहो त्या पक्षाचं बी नाही, अपक्षाचं आहे. तर म्हणाले, मग अपक्षाकडं मागा."

"मग वसुली कशी करता?"

आबांनी वही उघडून माझ्या डब्यावर ठेवली. डावीकडं तारखा, उजवीकडं रक्कम. मी चष्मा वर करून वाचलं. टोपी, ५. बिल्ला, २. वडापाव दोन, १२. छत्री (चिन्हासह), ६०. कॅलेंडर, १०. भिंतीवरचं घड्याळ (साहेबांच्या फोटोसह, चालू), ८०. पंचवीस-तीस वर्षांच्या सभा, उद्घाटनं, वाढदिवस, सांत्वन भेटी. साहेब गावात आले की आबा येतात, मिळेल ते उचलतात आणि बाजारभावानं वजा करतात.

"फेटा?" एका ओळीवर मी बोट ठेवलं. "फेटा, शून्य?"

"तो परत मागून घेतला. भाड्याचा होता."

वहीत दुष्काळही होते आणि सुकाळही. "१९९९ ला लोकसभा आणि विधानसभा एकदम आल्या. दोन्हीच्या सभा एकात झाल्या, माझं निम्मं वर्ष बुडालं. त्याच्याउलट २०२४. उन्हाळ्यात लोकसभा, दिवाळीनंतर विधानसभा. आणि आधी २०२२ ला शिवसेना फुटलेली, २०२३ ला राष्ट्रवादी. एका पक्षाचे दोन झाले की सगळं नवं छापावं लागतं. उपरणी नुसती वाहत होती." आबांच्या चेहऱ्यावर सुगी आठवणाऱ्या शेतकऱ्याचे भाव होते. "पण त्यातली फक्त साहेबांच्या सभेतली धरतो. दुसऱ्याचं ह्यांच्या खात्यात टाकायचं नाही. हिशेब म्हणजे हिशेब."

"आणि व्याज?"

"व्याज कशाला? माणूस ओळखीचा आहे."

आज सकाळपर्यंत येणे ९,८६५. आजची तीन उपरणी तीसप्रमाणे नव्वद, टोपी दहा, पाण्याच्या दोन बाटल्या वीस. त्यांनी वजाबाकी केली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावून: ९,७४५. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "त्यातलं एक तुम्हाला दिलंय. तीस रुपये."

मी पन्नासची नोट काढली. आबांकडं वीस सुटे नव्हते.

"राहू द्या, लिहून ठेवतो," म्हणाले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर माझं नाव घातलं. त्या पानावर आणखीही नावं होती. मी सही केली. काय करणार? ज्या माणसानं तीस वर्षं एका बिलाचा पाठपुरावा केलाय त्याच्या वहीत आपलं नाव असणं ही काही सुखाची गोष्ट नाही, हे मला तेव्हा जाणवलं आणि रात्री झोपताना पुन्हा जाणवलं.

पावणेचारला हेलिकॉप्टर आलं. हेलिपॅड मंडपाच्या मागच्याच मैदानात, फक्कीनं आखलेला गोल आणि मधे इंग्रजी एच. धूळ उडू नये म्हणून टँकरनं तिथं पाणी मारलं होतं. साडेअकराला. चार तासांत ऊन काही बसून राहत नाही. कनाती हवेसाठी वर बांधलेल्या, आणि मी नेमका त्याच अंगाला. आधी नुसता आवाज आला, मग अख्खं मैदान उठून मंडपात आलं. अंगणवाडीच्या ताईंनी एका झटक्यात पदर डोक्यावरून घेतले, त्यांना सवय होती. आबांनी वही धोतराच्या ओच्यात घातली. मी डब्यावर पालथा पडलो. गहू वाचवण्याची ती प्रेरणा कुठून आली, मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा सूत्रसंचालक खोकत होता आणि खोकल्यामधून म्हणत होता, "आगमन झालेलं आहे!"

साहेब आधी नदीवर गेले. सायरन गेला, सायरन आला. लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. सायरन कुणी काढले नाहीत, आणि दिवा निदान गप्प तरी असायचा. जाताना ताफा डाव्या बाजूनं गेला आणि येतानाही त्याच बाजूनं आला, म्हणजे उलट्या दिशेनं. डांबर होतं तिकडून.

मग ते मंडपात शिरले आणि इतका वेळ ज्या गर्दीला आबांनी शून्य ठरवलं होतं ती उठली. मला ढकललं गेलं. डबा छातीशी धरून मी पुढं पुढं सरकत होतो, मागं जायला वावच नव्हता. दोन्ही बाजूंनी निवेदनं येत होती, साहेब ती न बघता घेत होते आणि मागं देत होते, मागचा ती न बघता पिशवीत टाकत होता. आबा माझ्यापुढं होते. त्यांनी तो प्लास्टिकमधला कागद उंच धरला होता. मला मनातून वाटलं, आज होणार. तीस वर्षांनी आज होणार काहीतरी.

साहेब थांबले. "अरे आबा!" म्हणाले. "तब्येत काय म्हणतीय?" आणि त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

एवढंच. चार सेकंद असतील. आबांचा कागदाचा हात खाली आला. ते म्हणाले, "बरं आहे साहेब, तुमची कृपा." साहेब पुढं गेले. आबा तसेच उभे, खांदा किंचित वर उचललेला, जणू हात अजून तिथंच आहे.

भाषण अकरा मिनिटांचं झालं. सूर्य मावळायच्या आत हेलिकॉप्टर उडायला हवं होतं आणि वाटेत आणखी एक गाव होतं. पुलाबद्दल दोन वाक्यं, बाकी विरोधकांबद्दल. साडेतीन तास वाट बघणाऱ्यांकडं 'उशिराबद्दल दिलगीर' असं एक वाक्यसुद्धा टाकलं नाही. सूत्रसंचालकानंच आमच्यातर्फे त्यांचे आभार मानले.

उठताना आबांनी वही काढली. पेन्सिल हातात, पण लिहीनात. "खांद्यावर हात ठेवला त्यांनी," म्हणाले. "बघितलंत ना? सगळ्यांच्या देखत."

"बघितलं."

"त्याचे किती लावू?"

मी काय सांगणार? मला म्हणायचं होतं, आबा, शून्य लावा, भाड्याच्या फेट्यासारखं. पण त्यांचा चेहरा बघून बोलवेना. त्यांनी बराच विचार केला, पेन्सिल जिभेला लावली आणि शंभर लिहिले. मग ते खोडून दीडशे.

परत येताना चौकात तोच हवालदार होता. मी उपरणं काढून डब्यावर टाकलं होतं, म्हटलं बघू आता काय म्हणतो. त्यानं शर्ट पाहिला. मी पण पाहिला. मैदानाच्या धुळीनं तो पार खाकी झाला होता, त्याच्या वर्दीच्याच रंगाचा. "जावा," तो म्हणाला, "आता काय प्रश्न नाही." चक्की बंद होती. चक्कीवाला लाभार्थी म्हणून सभेला गेला होता, पहिल्या बसनं.

घराकडं वळताना शाळेसमोर पायाला काहीतरी वेगळं लागलं, म्हणजे लागायचं ते लागलं नाही. गतिरोधक नव्हता. ताफ्याला हादरे बसू नयेत म्हणून रात्रीत खरवडून काढलेला, त्या जागी डांबराचा काळा चट्टा, तोही डावीकडं. त्या गतिरोधकासाठी आम्ही पालकांनी दोन वर्षं अर्ज केले होते. एका पोराचा पाय मोडल्यावर तो मिळाला होता. आता पुन्हा अर्जापासून सुरुवात, आणि कुणी 'आधी होता ना?' असं विचारलं तर होता म्हणून सिद्ध करायला आमच्याकडं काय आहे? मी तिथं डबा घेऊन जरा वेळ उभा राहिलो. मग मागून एक मोटारसायकल सुसाट गेली आणि मी बाजूला झालो.

रात्री आठला मेव्हण्याचा फोन. "दाजी, अभिनंदन!"

"कशाबद्दल?"

"आता लपवताय कशाला? ग्रुपवर आलंय." आणि आलं होतंच. फोटोत मध्ये साहेब, त्यांचा हात आबांच्या खांद्यावर, आणि आबांच्या मागं मी. गळ्यात उपरणं, छातीशी डबा, चेहऱ्यावर गर्दीत पाय तुडवला जात असतानाचे भाव, जे फोटोत भक्तिभावासारखे दिसतात. खाली ओळ: असंख्य कार्यकर्त्यांसह जाहीर पक्षप्रवेश. दुसऱ्या एका ग्रुपवर याच फोटोखाली होतं, शेतकऱ्याकडून साहेबांना स्वतःच्या शेतातील गव्हाची भेट. माझ्याकडं शेत नाही. एक कुंडी आहे, त्यात तुळस.

"ते राहू द्या," मेव्हणा म्हणाला. "माझ्या बदलीचं तेवढं साहेबांच्या कानावर घाला."

सकाळी मी पुन्हा चक्कीवर गेलो. पांढरा शर्ट घालून. रांगेत माझ्यापुढं सात डबे, आणि एक बाई सकाळी साडेसातपासून बसलेल्या, कडेवर नातू. चक्कीवाल्यानं मला बघितलं, पट्टा थांबवला आणि हात पुसत बाहेर आला. "सर, तुम्ही कशाला रांगेत? आणा इकडं, आता तुम्ही आपले झालात." त्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगणार होतो. पक्षप्रवेश नव्हता, उपरणं आबांचं होतं, त्याचे तीस रुपये अजून द्यायचे आहेत, मी नुसता दळायला निघालो होतो, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण घरी काल रात्री भातावर भागवलं होतं, आणि पुढं सात डबे होते.

मी डबा पुढं सरकवला.